वीतभर सांद

आमच्यात मांजराला पिल्लीच म्हणतात,
म्हणून तिचं वेगळं नाव ठेवायचं राहून गेलं.
बोळातल्या मराठी पोरांना वाटायचं
एकाच मांजरीला ही बाई अनेकवचनात का बोलावते.

सोमवारी दुपारी ती सुपाजवळ नव्हती.
तेंदूपानांच्या ओल्या फडक्यावर
जर्द्याच्या वासात न शिंकता झोपणारी
आमच्या घरात ती एकटीच.
सहाशे विड्या झाल्या, सातशे झाल्या,
मांडी फार मोकळी वाटायला लागली
तेव्हा दोरा तोडून मी उठले.

रडणं होतं. पण कुठून?
बोळात बावीस यंत्रमाग.
ही खटखट आम्हाला ऐकूच येत नाही,
तिच्यातच आम्ही भांडतो, पोरं निजवतो,
मयताला रडतोही तिच्याच वरच्या पट्टीत.
वाटायचं भिंतीतून येतंय, मग नळातून,
मग माझ्याच कानातून.

लेकानं अग्निशामकला फोन लावला.
'कुठं लागलीय?'
'लागली नाही, अडकलीय. मांजर.'
'बरं. आग किती मोठीय?'
पुढं काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही.

मग पदर खोचून दारोदार गेले.
कोंडय्या येमूलला म्हटलं, पाच मिनिटं बंद कर.
'अक्का, पाच मिनिटांत किती कापड निघतं, ठावं हाय का?'
म्हटलं, मला मोजणी शिकवू नको, रोज हजार मोजते मी,
वर छाटीत गेलेल्याही.
त्यानं बटण दाबलं.
बसलिंगाचे दोन थांबले. मणियारांचे चार,
तेही आधी शिव्या देऊन.
शेवटी एकच उरला, श्रीहरी बोल्लीचा,
माझ्या सख्ख्या दिराचा.
अकरा वर्षांपूर्वी भिंत सामाईक नको म्हणून
त्यानं मधे वीतभर जागा सोडून घर बांधलं होतं.
त्याच्या उंबऱ्याशी उभी राहिले, बोलले नाही.
त्यानंही विचारलं नाही.
धोटा अर्ध्या वाटेत थांबला.

असं गप्प सोलापूर मी पाहिलं नव्हतं.
तीन बोळ पलीकडचा कुकर.
कुणाची तरी पानं कापणारी कात्री.
येमूलचा म्हातारा आतून, 'करंट गेला का रे?'
आणि पिल्ली,
दोन घरांच्या मधोमध, खाली,
जिथं आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं
केर लोटला, फुटकी काच टाकली.

स्लॅब तव्यासारखा तापलेला. हात जाईना, टोपली जाईना.
श्रीहरीनं आपली एक सेकंड चादर आणली,
मोराला एक पंख विणायचा राहिलेली.
ती पुरेना. मी माझी जुनी आणली.
गाठ त्यानं मारली,
तुटल्या धाग्याला मारतात तसली, दोन बोटांत.
एक कोपरा त्याच्या हातात, एक माझ्या.
'सोड.'
'सोडते.'
'अजून सोड.'
अकरा वर्षांनंतर एवढंच.

मग चादर जड झाली.
नखं अडकत, सुटत, धागे उपसत
ती मोरावरून वर आली, गाठीवर क्षणभर थांबली,
आणि उडी मारली ती त्याच्या गच्चीत.
धूळ, जाळी, एका कानावर रक्त.
त्यानं तिला मानेला धरून सांदीवरून पुढं केलं.
'घे.'

खाली कोंडय्याचा माग सुरू झाला, मग मणियारांचे,
मग काहीच ऐकू येईना.
त्या दिवशी माझ्या नऊशे बाराच भरल्या.
कारखान्यात मुकादमानं विचारलं,
म्हटलं, माग बंद होते.
तो म्हणाला, विड्यांचा नि मागाचा काय संबंध?

चादर अजून सांदीत लोंबतेय,
एक टोक त्याच्या विटेखाली, एक माझ्या.
पुन्हा पडली तर असावी म्हणून,
असं तो येमूलला सांगतो,
मी बसलिंगाच्या बायकोला.